मागची बारा वर्षं

रविवारी सकाळी भोजराज शहारेंनी अंगणात चटई टाकायला सांगितली, तेव्हाच रुक्माबाईंना कळलं की आज बोलणं लांबणार. एरवीचं बोलणं ते खाटेवर बसूनच उरकत. चटई निघायची ती सोयरीक ठरवायला, नाहीतर वाटणीला.

धान कापून झालं होतं. नवेगावच्या बांधाकडून गार वारा येत होता आणि उन्हाला अजून ऊब धरायची होती. नूतन पहिल्या गाडीनंच साकोलीहून आली होती. जिल्हा परिषदेच्या शाळेत तिला चौदा वर्षं झाली होती. रविवार सोडला तर तिला माहेरी यायला जमत नसे. रत्नपालनं मोटार वाइंडिंगचं दुकान आज उघडलं नव्हतं. त्याची बायको रंजिता चटईच्या कडेला बसली होती आणि सगळे ज्या कागदाकडे बघत होते त्याच्याकडे ती बघत नव्हती.

“मोठ्यानं वाच वो नूतन,” भोजराज म्हणाले. “माया चष्म्याले ते बारीक अक्षर नाही दिसत.”

नूतननं वाचलं, वर्गात धडा वाचावा तसं. “‘मी, सौ. रंजिता रत्नपाल शहारे, याद्वारे हमी देते की, माझ्या यापूर्वीच्या कंत्राटी सेवेबाबत ज्येष्ठता, वेतन अथवा निवृत्तिवेतनाचा कोणताही हक्क मी भविष्यात सांगणार नाही. तसेच याविषयी न्यायालयात दाखल केलेल्या प्रकरणातून मी माझे नाव मागे घेत आहे.’ खाली सही, तारीख. उद्या पाचच्या आत गोंदियाला नेऊन द्यायचं. नाही दिलं तं यादीतलं नाव रद्द.”

“अना देलं तं?”

“देलं तं परमनंट. सालेकसा तालुक्यात. पगार, पेन्शन, सगळं.” नूतननं कागद चटईवर ठेवून वर पाण्याचा पेला ठेवला, वाऱ्यानं उडू नये म्हणून. “याच्यात चटई टाकून बसण्यासारखं काय आहे, मले समजत नाही बाबा. लोकं याच्यासाठी देव पाण्यात ठेवतात.”

“मी बुधवारपासून तेच सांगून राहिलो,” रत्नपाल म्हणाला. “हे आयकूनच घेत नाही.”

रंजिता चिचगडच्या अलीकडच्या एका उपकेंद्रावर नर्स होती. बारा वर्षं. दर अकरा महिन्यांनी आदेश संपायचा, मग एका दिवसाचा खंड, मग नवा आदेश. तेरा आदेश तिनं प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवले होते. तीन वर्षांपूर्वी अशा एकेचाळीस कंत्राटी कर्मचाऱ्यांनी मिळून नागपूरला केस टाकली. सगळ्यांत जुनी म्हणून पहिलं नाव रंजिताचं होतं. आणि आता त्या एकेचाळीसांतल्या आठांनाच हे पत्र आलं होतं.

“बाकीचे कोण, हे मलाही माहीत नाही,” रंजिता म्हणाली. “फोन आला तेव्हा सांगितलं, कोणाजवळ बोलायचं नाही. वकील म्हणतो, पहिलंच नाव निघालं तर समोरचे म्हणतील, जिची सर्वांत जास्त सेवा तिलाच काही मागायचं नाही, मग बाकीच्यांचं काय ऐकायचं?”

“तेहतीस जणांचं घर तू चालवतं काय?” रत्नपाल म्हणाला.

“नाही. पण त्यांनी पहिलं नाव माझं लिहिलं.”

“तू आपल्या पोरीचं, दिव्याचं बघ. आठवीत आहे ते.”

रंजितानं पेला उचलला, कागद हातात घेतला, पण वाचला नाही. “हे बघा, परमनंट मलाही पाहिजे. मी काही साधू नाही. आदेश संपत आला का माझी झोप उडते. पण हे जे पहिलं वाक्य आहे नं, ते माझ्यानं लिहवत नाही. चार वर्षांमागं खंडाच्या दिवशी मी घरी निघाली होती, आणि एका बाईला रस्त्यातच कळा सुरू झाल्या. मी परत फिरली. बाळंतपण केलं. बाळ रडत नव्हतं, त्याला रडवलं. नोंद करताना वर विचारलं तर म्हणे, आज तुम्ही नोकरीत नाही, तुमचं नाव लिहू नका. दुसऱ्या नर्सचं नाव टाकलं. त्या दिवशी वाटलं, एक दिवसाचं आहे, जाऊ द्या. आता म्हणतात बाराही वर्षं तशीच लिहून दे.”

नूतन जरा पुढे सरकली. आवाज खाली आणून ती म्हणाली, “वैनी, मले समजते. पण कागदावर लिहिल्यानं केलेलं काम पुसत नाही. सही कर अना मोकळी हो.” मग ती बापाकडे वळली. “बाबा, तुम्हीच सांगा. तुम्ही तं लढून परमनंट झाले. तुमच्या लढण्यावर आम्ही शिकलो. मी शाळेत पोरांना तुमची गोष्ट सांगतो.”

भोजराज गुडघ्यावर हात ठेवून बसले होते. बहात्तराव्या वर्षीही त्यांची बसण्याची रीत वनमजुराचीच होती, कधीही उठून चालायला लागेल अशी. ही गोष्ट सांगायची म्हणूनच त्यांनी चटई टाकायला लावली होती, आणि नूतननं ती अशा जागी आणून ठेवली होती की आता तिला वळसा घालता येत नव्हता.

“मी लढलो नाही,” ते म्हणाले.

“म्हणजे?”

“आम्ही सतरा मजूर होतो. जंगल खात्यात, रोजंदारीवर. बारा-बारा, चवदा-चवदा वर्षं झालेले. पावसाळा आला का काम बंद. चार महिने घरी बसा. आम्ही कामगार कोर्टात केस टाकली. माया अना सुकरामचा त्याच्यात पुढाकार होता.”

सुकराम मडावी रत्नपालला आठवत होता. चिचगडकडचा माणूस, यायचा तेव्हा रुमालात टेंभरं, ती रानातली गोड फळं, बांधून आणायचा. मग एकाएकी त्याचं येणं बंद झालं होतं.

“एक्याण्णव साली साहेबानं मले एकट्याले बोलावलं,” भोजराज सांगत होते. “म्हणे, पाच जागा आहेत. केसमधून नाव काढा, उद्यापासून कायम. मी सही केली. आणखी चौघांनी केली. बारा जण राहिले. केस अकरा वर्षं चालली अना हारली. सुकराम रोजंदारीवर लागला अना रोजंदारीवरच म्हातारा झाला.”

“पण तुम्ही दोघं तं जंगलाच्या एकाच रेंजमध्ये होते,” रत्नपाल म्हणाला. “शेवटपर्यंत.”

“होतो नं. एकोणवीस वर्षं. एकाच झाडाखाली डबा खाल्ला.”

नूतन बापाकडे बघत राहिली. लहानपणापासून तिनं जी गोष्ट आपली म्हणून अंगावर मिरवली होती, ती दुसऱ्याच कुणाची निघाली होती. तिला राग आला, पण तो ठेवायचा कुठे ते कळेना.

रत्नपाल मात्र उठून उभा राहिला. “मंग नोको करू सही,” तो रंजिताला म्हणाला. बुधवारपासून तो जे म्हणत होता त्याच्या अगदी उलट, आणि तितक्याच ठामपणे. “मी दुकान थोडं वाढवतो. आपलं भागते. हे असं आपल्या घरात दुसऱ्यांदा नोको.”

“दादा, तू आता डोकं फिरवून घेऊ नको,” नूतन म्हणाली.

“तू मधात नोको बोलू. तू परमनंट आहेस, तुले सोपं आहे.”

“चूप बसा दोघंबी,” रुक्माबाई म्हणाल्या.

त्या इतका वेळ पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा सोलत होत्या. सोलणं त्यांनी थांबवलं नाही.

“आपण सही केली म्हणतात हे. खोटं आहे. मी करायले लावली.”

भोजराजांनी मान खाली घातली.

रुक्माबाईंना तो दिवस नेहमी आठवत असे असं नाही. वर्षानुवर्षं आठवला नव्हता. पण आठवला की पूर्ण आठवायचा. नूतन दोन वर्षांची, छातीत कफ, श्वास घेताना बरगड्या आत जायच्या. रत्नपाल सहाचा. घरात काम नाही म्हणून बसलेला नवरा, आणि तो सांगतोय की साहेबानं बोलावलं होतं, पण सुकरामला विचारल्याशिवाय मी काही करणार नाही.

“मी म्हटलं, उद्या सही करून या, नाहीतर मी लेकरं घेऊन माहेरी जातो,” त्या म्हणाल्या. “हे म्हणाले, ठीक आहे, पण आधी सुकरामच्या घरी जाऊन सांगून येतो. मी म्हटलं, जाऊ नोका. तो समजावते अना तुमचं मन फिरते. दारात आडवी उभी राह्यली मी. मंग आठ दिवसांनं जंगल खात्याच्या डेपोच्या दारावर कायम झालेल्यांची यादी लागली, तेव्हा सुकरामनं वाचलं. शिकलेला होता तो, चवथी. दुसऱ्याले वाचून दाखवता दाखवता त्याले ह्यांचं नाव दिसलं.”

एक शेंग सोलून झाली. दाणे टोपलीत पडले.

“सही चुकली असं मी आजबी म्हणत नाही. हे पोरगी जगली, मास्तरीण झाली. पुन्हा तसा दिवस आला तं पुन्हा करायले लावीन. पण लपवलं ते चुकलं. त्याची बायको चमेली, आमचं बहिणीसारखं होतं. मी त्याच्यानंतर तिच्या दारात गेली नाही. सुकराम मेला तेव्हा हे गेले, मी नाही गेली. कोणत्या तोंडानं जाऊ?” मग त्या पहिल्यांदा रंजिताकडे वळल्या. “तुले करायची तं कर, नसन करायची तं नोको करू. तुया नवऱ्याचं आयकू नोको, नणंदेचंबी नोको. पण जे करशीन ते त्या लोकांच्या तोंडावर सांगून कर. मी येतो तुयासंगं.”

“आत्याबाई, आत्ता?”

“मंग कधी? उद्या पाचले तं मुदत संपते.”

रंजितानं स्कूटी काढली. रुक्माबाई मागे एका बाजूला पाय सोडून बसल्या. एक हात सुनेच्या खांद्यावर, दुसऱ्यानं डोक्यावरचा पदर धरलेला. गाडी गल्लीच्या तोंडाशी वळली तरी अंगणातले तिघं तिकडेच बघत होते.

“सुकराम तुम्हाले काही म्हणाला नाही काय बाबा?” रत्नपालनं विचारलं. “एवढ्या वर्षांत?”

“यादी लागली त्या दिवशी मी डबा घेऊन लांब बसलो. त्यानं हाक मारली. सरकून जागा केली. बस.” भोजराजांनी चटईची कड सरळ केली. “एकदा बोलला. त्याचा शेवटचा दिवस होता. आम्हा कायमवाल्यांले हार-नारळ होते, त्याले तं काही नव्हतं, संध्याकाळी हजेरी लावली अना घरी. मले म्हणाला, भोजराज, तुई पोरगी मास्तरीण झाली नं? मी म्हटलं हो. म्हणाला, मंग झालं.”

नूतन उठली आणि आईनं अर्धवट टाकलेल्या शेंगा पुढे ओढून सोलायला बसली. तिच्या हातून दाणे टोपलीबाहेर पडत होते.

सौंदडला गुलशनचं घर रेल्वे स्टेशनच्या मागच्या अंगाला होतं. तो लॅब टेक्निशियन, सिकलसेलच्या तपासण्या करायचा. केसची सगळी पळापळ त्याच्याकडे. एकतीस वर्षांचा. तीन दिवस त्यानं रंजिताचा फोन उचलला नव्हता. दोघींना दारात बघून तो खुर्चीतून उठला आणि पुन्हा बसावं की नाही हे त्याला कळेना.

रंजितानं रस्ताभर वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही आलं नाही. “मला कायमचं पत्र आलं आहे गुलशनभाऊ,” ती म्हणाली. “केसमधून नाव काढायची अट आहे. मी थकली. मला सही करायची आहे. पण तुम्हाला न सांगता नाही.”

गुलशन आतल्या खोलीत गेला आणि तसाच कागद घेऊन आला. त्यावर सही झालेली होती. तारीखही उद्याची टाकलेली.

“गुरुवारी आलं, ताई. म्हणून फोन नाही उचलला. काय बोलू तुमच्याशी?”

रंजिताला आधी राग आला. इतके दिवस आपण ज्याच्यासाठी झोपलो नाही, त्यानं सही करून ठेवली होती. मग तो राग धरून ठेवता येईना, कारण समोरच्या माणसाचे डोळेही जागलेले होते. ती खाली बसली. दोघांनी मग केसच्या यादीतल्या एकेकाला फोन लावून पत्र आलं का विचारलं. पहिले दोघं नाही म्हणाले. रंजितानं आपलं स्वतःचं सांगितल्यावर तेच दोघं हो म्हणाले. तासाभरात आठही नावं कळली. शेवटी नागपूरच्या वकिलाला विचारलं. तो म्हणाला, आठ गेले तरी केस राहते, पण पुढं उभा राहणारा माणूस पाहिजे, सगळ्या तारखा माहीत असलेला. आणि जुने आदेश पाहिजेत, खंडांसकट.

“तारखा तर मलाच माहीत आहेत,” गुलशन म्हणाला. त्यानं आपला कागद हातात घेतला, बराच वेळ पाहिला आणि उलटा करून ठेवला. “तुम्ही करा सही. तुम्ही एकोणचाळीसच्या, भरतीचं तुमचं वय निघून गेलं. मला अजून चार परीक्षा देता येतात. बाबांची दीड एकर आहे. मी राहतो.”

दारात चहा घेऊन उभी असलेली त्याची बायको सोनू तशीच आत वळली.

रुक्माबाईंनी ते बघितलं. इतका वेळ त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्या उठल्या आणि सोनूच्या मागून स्वयंपाकघरात गेल्या. ती ओट्याकडे तोंड करून उभी होती. तिच्या पोटाकडे नजर गेल्यावर रुक्माबाईंना कळलं की पाचवा महिना तरी असेल.

“मले विचारलं बी नाही,” सोनू म्हणाली. “सही केली तेव्हा नाही विचारलं अना आता नाही म्हणाले तेव्हाबी नाही.”

रुक्माबाईंच्या तोंडाशी बरंच काही आलं. की असू दे, पोरी. की तो चांगलं करून राहिला. यातलं एकही त्यांनी म्हटलं नाही. त्यांना स्वतःला ते कुणी म्हटलं असतं तर त्यांनी ऐकलं नसतं.

“मंग विचारायले लाव,” त्या म्हणाल्या. “आत बोलाव त्याले. आम्ही बाहेर बसतो.”

सासू-सुना ओसरीवर बसल्या. गोंदियाकडे जाणारी मालगाडी आली आणि संपता संपेना. आतलं बोलणं त्या आवाजात बुडून गेलं. गाडी गेल्यावरही बराच वेळ दोघं बाहेर आले नाहीत. आले तेव्हा सोनूच्या हातात पुन्हा गरम केलेला चहा होता.

“एक वर्ष,” तिनं रंजिताला सांगितलं, जणू अट तिनं रंजितालाच घातली होती. “वर्षानं मी पुन्हा विचारीन यांना. तेव्हा जे मी म्हणीन ते.”

“बरोबर आहे,” रंजिता म्हणाली.

“अना तुम्ही येत राहाल. परमनंट झाले म्हणून विसराल नाही.”

रंजितानं मान हलवली. तिनं सोनूच्या हातातून चहा घेतला.

सोमवारी आठांपैकी सात जण एकाच वेळी गोंदियाच्या कार्यालयात गेले. तिथल्या बाबूला याचं नवल वाटलं असावं. त्यानं सगळ्यांकडे एकदा बघून घेतलं. रंजितानं सही केली. एका झटक्यात झाली, आणि याचंच तिला नंतर वाईट वाटत राहिलं. बाहेर गुलशन थांबला होता. तिनं तेराही आदेश त्याच्या हातात दिले, मूळ प्रती, प्लॅस्टिकच्या पिशवीसकट.

“झेरॉक्स चालली असती,” तो म्हणाला.

“मला आता कुठं लागतात,” ती म्हणाली.

जानेवारीत ती सालेकसा तालुक्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रावर रुजू झाली. आदल्या दिवशी रत्नपालनं खोलीचं सामान टेम्पोनं पोचवलं, दिव्याची शाळा वार्षिक परीक्षेनंतर बदलायची ठरली. निघताना भोजराजांनी फक्त एवढंच विचारलं, “लवकर निघते काय गाडी?” रुक्माबाई तेव्हा घरी नव्हत्या. त्या सकाळीच चिचगडच्या बसमध्ये बसल्या होत्या, चमेलीकडे जाते म्हणून सांगून. तिथे काय झालं ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. रात्री नाही, दुसऱ्या दिवशी परतल्या, एवढं रंजिताला फोनवर कळलं.

केंद्रातल्या क्लार्कनं नवं सेवापुस्तक काढलं. कोरं, कडक पुठ्ठ्याचं. नाव, जन्मतारीख, ओळखीची खूण. तिच्या दहा बोटांचे ठसे घेतले.

“आधीची सेवा?” त्यानं विचारलं.

रंजितानं त्याच्याकडे बघितलं. विचारताना त्याच्या मनात काही नव्हतं. तो रकाना भरायचा होता, इतकंच.

“निरंक लिहा,” ती म्हणाली.

त्यानं लिहिलं. अक्षर चांगलं होतं त्याचं. शाई वाळेपर्यंत ती त्या शब्दाकडे बघत बसली. मग तिनं त्याच्याकडे एक कोरा कागद मागितला आणि तिथेच टेबलाच्या कोपऱ्यावर अर्ज लिहायला घेतला. कंत्राटावर असताना रजा मागायची म्हटलं की पुढचा आदेश निघेल की नाही, याचीच धाकधूक असायची. बारा वर्षांत तिनं हातावर मोजण्याइतके अर्ज लिहिले होते, तेही सगळे आजारपणाचे.

क्लार्कनं अर्ज वाचला. पुढच्या मंगळवारी एक दिवस नैमित्तिक रजा. कारण: नागपूर येथे न्यायालयीन कामाकरिता.

“मॅडम, आज पहिला दिवस आहे तुमचा.”

“हो.”

“कोणाची केस आहे?”

“माझ्या सोबतच्या लोकांची,” रंजिता म्हणाली. “आवक नंबर टाकून द्या.”